जीनवरील कामगार स्त्री : हद्द, हंगाम आणि हजेरीपट

(धाराशिव येथे शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘औद्योगिकीकरणाच्या आरंभकाळातील कामगार स्त्रिया’ हा विषय आज मला देण्यात आला आहे. हा विषय निघाला की मुंबईच्या परळ-लालबाग भागातील गिरण्यांची धुराडी आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. फार तर सोलापूरची जुनी गिरणी आठवते. आपला जिल्हा जिराईत शेतीचा, ज्वारी-करडईचा आणि वारंवार पडणाऱ्या अवर्षणाचा म्हणून ओळखला जातो. येथे गिरण्यांची नगरी कधी वसली नाही. तेव्हा हा विषय धाराशिवमध्ये कशासाठी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैर म्हणता येणार नाही.

त्याचे उत्तर असे की, यंत्रयुग आपल्या मुलखात आले ते कापडगिरणीच्या रूपाने नव्हे, तर कापसातील सरकी वेगळी करणाऱ्या जीनच्या रूपाने. आणि जीनपुढे बसणारा कामगार हा बहुतेक ठिकाणी स्त्रीच असे. गिरणीतील कामगारांचा इतिहास थोडाबहुत लिहिला गेला आहे. जीनवरील बायांच्या वाट्याला त्यातील चार ओळीही आलेल्या नाहीत. परंतु कामगार कायद्याच्या वाटचालीकडे या बायांच्या बाजूने पाहिले, तर अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या नात्याने आपणांस उपयोगी पडेल असा एक धडा त्यातून मिळतो. तोच आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

कापूस आणि लोहमार्ग

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडमधील गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला अपूर्व भाव आला. त्याच सुमारास, १८६० मध्ये, मुंबईहून निघालेला लोहमार्ग सोलापूरपर्यंत पोहोचला होता. बालाघाटाच्या पठारावरील कापूस बैलगाड्यांनी घाट उतरून बार्शीच्या पेठेत येऊ लागला व तेथून लोहमार्गाने मुंबईस जाऊ लागला. युद्ध संपताच भाव कोसळले, तरी कापसाचा व्यापार मात्र या भागात कायम राहिला.

पुढे १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ही लहान गाडी १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. १६ ऑगस्ट १९८२ रोजी ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. कच्चा कापूस सरकीसकट वाहून नेणे परवडत नाही, कारण त्याच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश भाग सरकीचाच असतो. म्हणून जेथे रेल्वे गेली तेथे पेठेच्या कडेला सरकी काढण्याचे जीन आणि रुईच्या गाठी बांधण्याचे प्रेस उभे राहिले. खानदेश, वऱ्हाड आणि मराठवाडा या तिन्ही मुलखांत हेच घडले.

जीन येण्यापूर्वी सरकी काढण्याचे काम घरोघरी हातरेच्यावर होत असे, आणि तेही स्त्रियाच करीत. दुपारी घरातील कामे उरकून ओसरीवर बसावे आणि उजेड असेतो रेचा फिरवावा, असा तो व्यवसाय होता. वाफेच्या जीनने हे काम ओसरीवरून उचलून पत्र्याच्या छपराखाली नेले. काम करणारी स्त्री तीच राहिली. तथापि काम केव्हा सुरू करावयाचे आणि केव्हा थांबवावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार तिच्या हातून गेला.

जीनमधील काम

जीनच्या कारखान्याची रचना साधी असे. लांबलचक खोलीत यंत्रांची रांग, त्यांना गती देणारा लांब दंड आणि त्यावरून प्रत्येक यंत्राकडे गेलेले पट्टे. प्रत्येक जीनपुढे एक बाई. तिने ओंजळीओंजळीने कापूस यंत्राच्या तोंडाशी सारखा पसरावयाचा. चामड्याने मढविलेला रूळ तंतू ओढून नेई, पाते सरकीला अडवी आणि सरकी खाली पडे. हात क्षणभर थांबला तर यंत्र रिकामे फिरे, आणि मुकादमाची नजर अशा रिकाम्या यंत्रावरच असे. कापूस वाहून आणणे, त्यातील काडीकचरा वेचणे आणि सरकी गोळा करणे ही कामेही बाया आणि मुले करीत.

खोलीत कापसाची बारीक धूळ सतत तरंगत असे. नाकातोंडाला पदर बांधणे, एवढाच त्यावर उपाय होता. उघड्या पट्ट्यांमध्ये पदर, केस किंवा बोट सापडण्याचे भय होतेच. रुईला ठिणगी लागली की क्षणात पेट घेई. ज्यांना तान्ही मुले असत त्या ती सोबत आणीत. आई हाताच्या अंतरावर असली, तरी तिला कापूस सोडून मुलाकडे वळता येत नसे.

हे काम बारमाही नव्हते. कापसाची वेचणी झाल्यापासून उन्हाळ्यापर्यंत चार-सहा महिने जीन चाले. पुढील संपूर्ण चर्चेत हा ‘हंगाम’ पुनःपुन्हा आड येणार आहे, म्हणून तो येथेच लक्षात ठेवावा, अशी विनंती आहे.

मुंबईतून उठलेली मागणी

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. पुढील पंचवीस-तीस वर्षांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली, परंतु कामगारांचे तास, सुटी किंवा अपघात यांविषयी कसलाही कायदा नव्हता. गिरण्यांत स्त्रिया मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत असत. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाईला नायकीण म्हणत. कामावर घेणे न घेणे पुष्कळदा तिच्याच मर्जीवर असे.

महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी तयार केले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा आणि कामावर जायबंदी झालेल्यास मदत मिळावी, या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. आज त्या अगदी साध्या वाटतात. परंतु त्यांतील प्रत्येकीसाठी झगडावे लागले.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून आठवड्याच्या सुटीची मागणी केली. ज्या काळात स्त्रीने सभेला जाणे हीच नवलाची गोष्ट होती, त्या काळात हजारोंच्या जमावापुढे दोन गिरणी कामगार स्त्रिया बोलल्या, ही घटना महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात नोंद घेण्यासारखी आहे. त्यानंतर दीड-दोन महिन्यांतच, १० जून १८९० रोजी, मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

मुंबईतील बाईला आपले म्हणणे मांडण्यासाठी सभा होती, वृत्तपत्र होते आणि लोखंडे यांच्यासारखा पुढारी होता. पेठेच्या गावातील जीनवर चार महिने काम करून पुन्हा शेतात जाणाऱ्या बाईजवळ यांपैकी काहीही नव्हते.

कायदा आला, पण कोणासाठी?

हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ मध्ये झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामास लावण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. प्रौढ स्त्रियांच्या तासांविषयी त्यात एक अक्षरही नव्हते. शिवाय शंभराहून कमी कामगार असलेले कारखाने आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक न चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. म्हणजे जीनसारखा लहान आणि हंगामी कारखाना कायद्याच्या व्याख्येतच बसत नव्हता.

याचा परिणाम काय झाला, हे लवकरच उघड झाले. १८८४-८५ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या आयोगापुढे खानदेशातील जीनविषयी साक्षी झाल्या. तेथे पहाटे चार-पाचपासून रात्री आठ-नऊपर्यंत काम चालणे ही नित्याची गोष्ट होती. हंगाम ऐन भरात आला म्हणजे त्याच बाया थोड्याशा विश्रांतीने रात्रंदिवस काम करीत, असेही साक्षींतून पुढे आले. रोज तीन-चार आण्यांच्या आसपास होता. कापूस पावसाळ्यापूर्वी बंदरावर पोहोचला पाहिजे, हे व्यापाऱ्याचे वेळापत्रक होते, आणि त्याची किंमत जीनपुढील बाई आपल्या झोपेने मोजीत होती.

१८९१ च्या कायद्याने परिस्थितीत खरा फरक केला. पन्नास कामगारांचे कारखाने त्याच्या कक्षेत आले. स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांपुरते मर्यादित झाले, त्यांना दीड तासाची विश्रांती देण्याचे बंधन आले, आणि आठवड्याची सुटी सर्वांना मिळाली. रात्री आठ ते पहाटे पाच या वेळात स्त्रियांना कामास लावू नये, असाही नियम झाला. मात्र त्याला अपवाद होते. कागदावरील नियम जीनपर्यंत पोहोचण्यास पुढेही बरीच वर्षे लागली. १९०८ मध्ये अहवाल देणाऱ्या कारखाना कामगार आयोगालाही जीनमध्ये दिवसाला सतरा-अठरा तास काम चालल्याची उदाहरणे आढळली. निरीक्षक थोडे, कारखाने दूरदूर विखुरलेले आणि हंगाम आखूड. निरीक्षक येईपर्यंत पुष्कळदा जीन बंद झालेले असत.

हंगामी कारखाने १९११ च्या कायद्याने अखेर कक्षेत आले. परंतु त्याच कायद्यात स्त्रियांच्या रात्रपाळीच्या बंदीतून जीनना सूट देण्याची तरतूद ठेवण्यात आली. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली आणि स्त्रियांच्या रात्रपाळीविरुद्ध ठराव झाला. त्यानंतर १९२२ च्या कायद्याने ही सूट काढून घेतली, आठवड्याचे तास साठ केले आणि वीस कामगार असलेले यंत्रशक्तीचे कारखाने कायद्याखाली आणले. १९३४ च्या कायद्याने बारमाही आणि हंगामी असे कारखान्यांचे दोन वर्ग केले. बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला चोपन्न तास, तर हंगामी कारखान्यांसाठी साठ तास ठरले. हंगामी कारखान्यात पुरुषाला दिवसाला अकरा तास काम देता येई; स्त्रीसाठी मात्र दहा तासांची मर्यादा राखण्यात आली.

याप्रमाणे पहिल्या कायद्यापासून स्त्रियांच्या रात्रीच्या कामावरील बंदी जीनला पुरतेपणी लागू होईपर्यंत चाळीसएक वर्षे गेली. एवढा काळ तिला बाहेर ठेवण्यास ‘हंगामी’ हा एक शब्द पुरेसा झाला.

मोगलाईची हद्द

आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण होती. बार्शी इंग्रजी मुलखात, परंतु जवळजवळ चहूबाजूंनी निजामाच्या राज्याने वेढलेली. धाराशिव, कळंब, तुळजापूर, लातूर हे सारे मोगलाईत. वर सांगितलेले १८८१, १८९१ आणि १९११ चे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानचे होते. ते निजामाच्या राज्याला लागू नव्हते. निजाम सरकारने कारखान्यांसाठी आपले नियम केले, ते कित्येक वर्षांनंतर.

रेल्वेने मात्र ही हद्द मानली नाही. तीच गाडी, तोच कापूस आणि त्याच घडणीची यंत्रे हद्दीच्या दोन्ही बाजूंस होती. बार्शीकडील बाईला रात्री कामास लावणे गुन्हा ठरू लागले, त्या काळात काही कोसांवरील मोगलाईत त्याच कामाला कोणत्याही कायद्याची आडकाठी नव्हती. दोघींची भाषा एक, जात्यावरच्या ओव्या एक, दोघींची माहेरेही पुष्कळदा हद्दीच्या पलीकडची. कायद्याने मात्र दोघींना वेगळे केले. अवर्षणाच्या साली आपल्या भागातील कुटुंबे सोलापूरच्या गिरण्यांकडे जात, त्याचे पहिले कारण भूक हे होते. तरीही ठरलेले तास, ठरलेली सुटी आणि ठरलेला पगार मिळण्याची शक्यता हद्दीपलीकडेच होती, हेही विसरता येत नाही.

१९४८ च्या सप्टेंबरमध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर देशाचा कामगार कायदा मराठवाड्यातही आला आणि ही हद्द पुसली गेली. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे स्मरण आपण दरवर्षी करतो. त्या मुक्तीत जीनवरील बाईला मिळालेल्या या संरक्षणाचाही अंतर्भाव करावयास हवा.

आई आणि कामगार

कामगार स्त्रीचा प्रश्न केवळ तासांचा नव्हता. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांनी १९२२ च्या सुमारास मुंबईतील कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी शंभरात अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते, असे त्यांना आढळले. बाजारात ‘बाळागोळी’ या नावाने ती मिळे. यात आईचे क्रौर्य नव्हते. ती कामावर असेतो मूल झोपून राहावे यासाठी तिच्याजवळ दुसरे साधन नव्हते.

बाळंतपणाच्या रजेचे विधेयक ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात आणले, परंतु ते संमत झाले नाही. पुढे रा. सा. आसवले यांनी मुंबई कायदेमंडळात तसेच विधेयक मांडले. जुलै १९२८ मध्ये त्यावरील चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. हा भार बव्हंशी सरकारने उचलावयास हवा, हे त्यांनी मान्य केले. परंतु सरकार तो उचलत नाही तोवर स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने तो टाळू नये, असेही त्यांनी सांगितले. १९२९ मध्ये हा कायदा संमत झाला. अशा स्वरूपाचा तो देशातील पहिला कायदा होय. बाळंतपणापूर्वी तीन आणि नंतर चार आठवडे, दिवसाला आठ आणे, अशी त्यातील तरतूद होती.

या कायद्याचा एक अनपेक्षित परिणामही आपण पाहिला पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री असे. पुढे यंत्रांची सुधारणा झाली, कामाची फेररचना झाली, रात्रपाळ्या वाढल्या आणि स्त्री ठेवणे मालकाला महाग वाटू लागले. १९८२ च्या संपापर्यंत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण नगण्य झाले होते. संरक्षणाचा भार एकट्या मालकावर टाकला की तो स्त्रीलाच टाळू लागतो, हे भय १९२८ च्या चर्चेतही व्यक्त झाले होते. त्यावरचा उपाय म्हणजे सर्वांनी मिळून भार वाटून घेणे. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने हा मार्ग स्वीकारला आणि विमा निधीतून बाळंतपणाचा भत्ता देण्याची सोय केली.

परंतु येथेही जुनाच शब्द आड आला. या विमा योजनेतून हंगामी कारखाने वगळण्यात आले. हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाचे जीन व प्रेस यांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि त्याच यादीत साखर व गूळ तयार करणारे कारखानेही आहेत.

१९४८ चा कारखाना कायदा

स्वातंत्र्यानंतरच्या कारखाना कायद्याने जीनमधील स्त्रीचा विशेष विचार केला, हे आवर्जून सांगितले पाहिजे. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, यंत्र चालू असता त्याची सफाई करण्यास स्त्रीला बंदी, आणि कापूस दाबण्याच्या कारखान्यात ज्या भागात कापूस उलगडणारे ओपनर यंत्र चालते तेथे स्त्रियांना कामास लावण्यास मनाई, अशी कलमे त्यात होती. पन्नासहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर आवश्यक ठरले. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आली. त्याच वर्षी समान वेतनाचा कायदा झाला. हे कायदे आणि १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आता नव्या श्रमसंहितांत समाविष्ट झाले असून त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. बाळंतपणाच्या पगारी रजेची मुदत २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवडे करण्यात आली होती. तीच नव्या संहितेतही आहे. हंगामी कारखान्यांना विमा योजनेतून वगळण्याची तरतूदही तशीच आहे.

या सर्व संरक्षणांची सुरुवात एकाच कागदापासून होते, तो म्हणजे हजेरीपट. पाळणाघर हवे की नाही, हे पटावरील कामगारांच्या संख्येवरून ठरते. बाळंतपणाचा लाभ पटावरील दिवस मोजून मिळतो. अपघाताची भरपाई मागताना पहिला प्रश्न येतो तो ‘पटावर नाव आहे का?’ हाच. जी बाई मुकादमामार्फत आली, जिचा रोज नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या हाती गेला, तिचे नाव पटावर नसे. आणि पटावर नसलेल्या बाईसाठी कायदा असून नसल्यासारखाच होता.

१९७२ च्या भीषण दुष्काळात आपल्या जिल्ह्याने याच्या उलट अनुभव घेतला. दुष्काळी कामांवर आणि त्यानंतर रोजगार हमी योजनेवर खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या हजारो स्त्रियांची नावे सरकारी हजेरीपटावर आली. हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कामाच्या मापाप्रमाणे स्त्री-पुरुषांना सारखाच दर, आणि कामावर मुलांसाठी सावली व सांभाळ, ही त्यातील तत्त्वे होती. अंमलबजावणीत उणिवा होत्याच. तरीही तिचे नाव पटावर लिहिणे प्रशासनाला शक्य आहे, हे त्या काळात सिद्ध झाले.

आजचा हंगाम

आता आपण वर्तमानाकडे येऊ. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. उचल पुरुषाच्या हाती पडते, हिशेब टनावर होतो, करार मुकादमाशी असतो. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते, पहाटे उठून स्वयंपाक करते. परंतु हिशेबाच्या वहीत ती अर्धा कोयता असते, तिला स्वतंत्र नाव नसते. पडलेल्या दिवसाचा खाडा मात्र तिच्या आजारपणाचाही धरला जातो.

याची किंमत किती मोठी आहे, हे शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसून आले. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. या शस्त्रक्रियांची कारणे एकच नाहीत. तथापि खाडा परवडत नाही, दवाखाना दूर आहे आणि फडावर आडोसा किंवा पाणी नाही, अशा स्थितीत बाई कोणता निर्णय घेते, हे समजण्यास फार विचार करावा लागत नाही. खानदेशच्या जीनवरील बाईने झोप दिली होती. हिने त्याहून अधिक दिले आहे.

शासनाने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले आहे. २०२१ मध्ये गावपातळीवर ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचा निर्णयही झाला. म्हणजे हजेरीपटाचा पहिला कागद आता कारखान्याच्या दारात नव्हे, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात तयार होणार आहे. ही जबाबदारी या सभागृहात बसलेल्या आपणां सर्वांची आहे.

त्या दृष्टीने काही सूचना करतो. नोंदणी करताना कोयता मोजू नये, माणसे मोजावीत. स्त्रीचे नाव, वय आणि ओळखपत्र स्वतंत्र असावे, आणि बँकेचे खातेही तिच्या नावाचे असावे. टोळी गाव सोडण्यापूर्वी आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांनी गरोदर व तान्ही मुले असलेल्या स्त्रियांची यादी करावी, आणि त्या परतल्यावर ती पुन्हा तपासावी. ग्रामसभेने ही यादी हंगामापूर्वी एकदा आणि हंगामानंतर एकदा वाचून पाहावी. किती गेल्या, किती परतल्या आणि कोणत्या स्थितीत परतल्या, हे गावाला कळले पाहिजे. शिक्षकांनी स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय वेळेवर मागावी. कारण मुलगी आईबरोबर फडावर गेली की ती धाकट्या भावंडाची पाळणाघर होते आणि तिची शाळा तेथेच संपते. तालुक्यातील जीन, सूतगिरणी किंवा प्रक्रिया केंद्र यांची तपासणी करताना अधिकाऱ्यांनी प्रथम हजेरीपट मागावा, आणि पटावरील नावे व प्रत्यक्ष कामावरील बाया जुळतात का, हे डोळ्यांनी पाहावे. तपासणी हंगाम चालू असतानाच व्हावी, हे १९०८ च्या अनुभवावरून निराळे सांगावयास नको.

यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही किंवा मोठा निधीही लागत नाही. लागते ती एक वही, आणि ती प्रामाणिकपणे भरण्याची इच्छा. १८९० च्या सभेत बोललेल्या त्या दोन स्त्रियांचा उल्लेख इतिहासात ‘दोन कामगार स्त्रिया’ एवढाच येतो. आपल्या गावातून यंदा फडावर जाणाऱ्या स्त्रियांविषयी पुढच्या पिढीला एवढेच वाचावयास मिळू नये. हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या पंचायतीची नोंदवही उघडून पाहावी, एवढी विनंती आहे.